आधी कुठे, मग काय : व्हिडिओ राउटरचं बटण पॅनेल चालवण्याची रीत

नव्या माणसाला एमसीआरमध्ये, म्हणजे वाहिनीच्या मुख्य नियंत्रण कक्षात, पहिल्यांदा रात्रपाळीला बसवतो तेव्हा मी त्याला सांगतो, पहिला अर्धा तास हात मांडीवर ठेव. समोर रॅकमध्ये पावणेदोन इंच उंचीची एक पट्टी असते, तिच्यावर चाळीसेक बटणं उजळलेली असतात, आणि बटण दिसलं की दाबून बघावंसं वाटतंच. पण हे लिफ्टचं बटण नव्हे. दाबलं की पुढच्या फ्रेमला, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागात, कुठलं तरी चित्र बदललेलं असतं. ते कुठलं, हे दाबण्याआधी माहीत असायला हवं.

मी हे कसं शिकलो ते सांगून टाकतो. नोकरीचं पहिलं वर्ष. संध्याकाळच्या बातम्यांना थोडा अवकाश होता. इन्जेस्टमधून, म्हणजे बाहेरून येणारं चित्रण रेकॉर्ड करणाऱ्या विभागातून, फोन आला, ‘पत्रकार परिषदेचा फीड रेकॉर्डिंगला लाव रे.’ मी त्या फीडचं बटण शोधलं आणि दाबलं. फीड बरोबर होता. पण आधीच्या पाळीतल्या माणसाने पॅनेलवर डेस्टिनेशन, म्हणजे चित्र जिथे पोचवायचं ती जागा, प्रक्षेपणाच्या लाइनवर सोडलं होतं, आणि ते मी वाचलंच नव्हतं. टेबलावर पाण्याच्या बाटल्या मांडणारा एक गृहस्थ सहा सेकंद महाराष्ट्रभर दिसला. आमचे सीनियर, ज्यांना सगळे काका म्हणायचे, ते शेजारी उभे होते. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘काय दाबायचं ते तुला कळलं. कुठे, ते कोण बघणार?’

राउटरवर मी पुढे पाहिलेल्या बहुतेक चुका या ‘कुठे’च्याच होत्या. त्यामुळे खालची सगळी रीत त्याच क्रमाने लिहिली आहे.

राउटर काय करतो, काय करत नाही

जुन्या शहरांत पाणी सोडणारा माणूस लांब चावी घेऊन पहाटे फिरतो, ते आठवा. या गल्लीला या टाकीचं पाणी, त्या पेठेला त्या टाकीचं. टाकीत पाणी कुठून आलं, गढूळ आहे का, याच्याशी त्याचा संबंध नाही. राउटर तोच माणूस. एका बाजूला सोर्स : कॅमेरे, सर्व्हर, सॅटेलाइट रिसीव्हर, ओबी व्हॅनच्या (बाहेरून थेट प्रक्षेपण करणाऱ्या गाडीच्या) लाइन, ग्राफिक्सची यंत्रं. दुसऱ्या बाजूला डेस्टिनेशन : व्हिजन मिक्सरची (चित्रांची सरमिसळ करणाऱ्या यंत्राची) इनपुट, रेकॉर्डर, मॉनिटर, प्रक्षेपणाला जाणारी लाइन. फरक एवढाच की इथे एक सोर्स पन्नास ठिकाणी दिला तरी दाब कमी होत नाही. उलट मात्र चालत नाही. एका डेस्टिनेशनला एका वेळी एकच सोर्स मिळतो. नवा दिला की जुना गेला, आणि जाताना विचारून जात नाही.

३२ बाय ३२ राउटर म्हणजे ३२ सोर्स, ३२ डेस्टिनेशन, आणि मध्ये १,०२४ क्रॉसपॉइंट, म्हणजे जोडणीच्या जागा. २८८ बाय २८८ असेल तर या जागा ८२,९४४ होतात. एवढ्या जागांना एकेक बटण देणं शक्य नाही, म्हणून पॅनेल आलं : थोड्या बटणांत कुठलीही जागा गाठायची सोय.

व्हिजन मिक्सरशी गल्लत करू नका. मिक्सर दोन चित्रं एकमेकांत विरघळवतो, अँकरच्या मागे ग्राफिक्स बसवतो. राउटर फक्त जोडतो. साधा राउटर चित्राचा फॉरमॅटही बदलत नाही. आपल्याकडे बऱ्याच वाहिन्यांचं काम १०८०आय५० मध्ये चालतं. कुणी लॅपटॉपचं ७२०पी६० थेट राउटरला आणून जोडलं, तर राउटर ते निमूट पुढे पाठवेल आणि पलीकडचा रेकॉर्डर काळा पडदा दाखवेल. दोष राउटरचा नाही. मध्ये कन्व्हर्टर हवा होता.

पॅनेल कुठल्या जातीचं आहे ते आधी ओळखा

हे काम बटण न दाबता करायचं असतं. तीन जाती बहुतेक ठिकाणी भेटतात.

पहिली, एका डेस्टिनेशनची बस, म्हणजे बटणांची एक ओळ. इथे सगळी बटणं सोर्सची असतात आणि डेस्टिनेशन आधीच ठरलेलं असतं. एखाद्या मॉनिटरखाली किंवा एडिट रूममध्ये असं पॅनेल लावतात. दाबलं की लगेच बदल. चालवायला सर्वांत सोपं, पण हे कुणाचं डेस्टिनेशन आहे ते पॅनेलवर लिहिलेलं नसेल तर सर्वांत धोक्याचंही हेच. तुमच्याकडे असं नाव नसलेलं पॅनेल असेल, तर आजच चिकटपट्टीवर नाव लिहून लावा. ब्लॅकमॅजिक कंपनीच्या व्हिडिओहब राउटरचं छोटं स्मार्ट कंट्रोल पॅनेल असं एका बसचं करता येतं किंवा एक्स-वाय करता येतं. पट्टी दिसायला तीच, म्हणून नुसतं रूप पाहून अंदाज करू नका.

दुसरी जात एक्स-वाय. काही बटणं डेस्टिनेशनची, काही सोर्सची, आणि बहुधा एक ‘टेक’, म्हणजे निवडलेला बदल अमलात आणणारं बटण. कारखान्यातून बटणं सारखीच येतात. कुठली कशाला, ते तुमच्या इंजिनिअरिंग विभागाने ठरवलेलं असतं. डेस्टिनेशनला एक रंग आणि सोर्सला दुसरा, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. पण आमच्या एका जुन्या स्टुडिओत दोन्ही हिरवे होते आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. मी पहिल्याच आठवड्यात रंग बदलायला लावले.

तिसरी जात मोठ्या राउटरची. इथे बटणांवर प्रकार असतात : कॅमेरा, सर्व्हर, रिसीव्हर, ओबी. प्रकार दाबायचा, मग आकडा. रिसीव्हर, मग ७. शेकडो सोर्स पंचवीस बटणांत मावतात ते असे. यात एक खोच आहे. पहिलं बटण दाबून तुम्ही फोन घ्यायला वळलात आणि परत येऊन दुसऱ्याच प्रकारातल्या ७ साठी थेट ७ दाबलंत, तर पॅनेलला अजूनही रिसीव्हरच हवा आहे असं वाटू शकतं. मध्ये खंड पडला तर सुरुवातीपासून दाबा.

बसल्यावर पहिली पाच मिनिटं

पॅनेलवरचे दिवे लागले म्हणजे पॅनेल राउटरशी बोलतंय असं नाही. पॅनेल हा फक्त रिमोट आहे. राउटर मशीन रूममध्ये असतो, दोघांच्या मध्ये बहुधा नेटवर्कची तार असते, आणि काही पॅनेलना वीजही त्याच तारेतून मिळते. म्हणून एक निरुपद्रवी जागा शोधा. बहुतेक ठिकाणी तुमच्या टेबलावरच्या मॉनिटरसाठी एक वेगळं डेस्टिनेशन असतं. तिथे कुणाचंही काही बिघडत नाही. त्यावर कलर बार्स (तपासणीच्या रंगीत पट्ट्या) द्या, मग एखादा कॅमेरा द्या, परत बार्स द्या. चित्र बदललं म्हणजे पॅनेल, नेटवर्क, राउटर आणि तुमचा मॉनिटर हे सगळं ठीक आहे, ते एका झटक्यात कळलं. हात बसवायचा असेल तर तोही इथेच बसवा. मी नव्या लोकांना या एका मॉनिटरवर शंभरेक बदल करायला लावतो, मग दुसऱ्या कशाला हात.

याच वेळी जोखमीची डेस्टिनेशन कुठली ते विचारून घ्या आणि लिहून ठेवा. प्रक्षेपणाची मुख्य लाइन, तिची बॅकअप लाइन, चालू बुलेटिनच्या मिक्सरची इनपुट, सुरू असलेलं रेकॉर्डिंग, आणि बाहेरच्या रिपोर्टरला जाणारा रिटर्न. यातली पहिली चार सगळ्यांना सुचतात. रिटर्न विसरला जातो, त्याच्याकडे पुढे येतो.

मूळ रीत

हे पाठ झालं पाहिजे, पाढ्यासारखं.

१. डेस्टिनेशन निवडा. बटण उजळेल किंवा खिडकीत नाव येईल.

२. आत्ता तिथे काय आहे ते वाचा. बहुतेक पॅनेलवर डेस्टिनेशन निवडताच चालू सोर्सचं बटण उजळतं किंवा त्याचं नाव दिसतं. हे नाव मनात धरा, जोखमीची जागा असेल तर कागदावर लिहा. चूक झाली तर परतीची वाट हीच आहे. राउटरवर ‘अनडू’ असेलच याचा भरवसा नाही.

३. तुम्ही वाचलेलं नाव अपेक्षेशी जुळतंय का? इन्जेस्ट २ रिकामा आहे असं फोनवर सांगितलं होतं आणि तिथे तर बुलेटिनचा प्रोग्राम, म्हणजे हवेत जाणारं चित्र, दिसतोय. मग थांबा आणि विचारा. कुणाचं तरी रेकॉर्डिंग चालू असेल. माझे सर्वांत जास्त अपघात या पायरीने वाचवले आहेत.

४. सोर्स निवडा. टेक असलेल्या पॅनेलवर तो फक्त लुकलुकेल, अजून काही बदललेलं नाही. टेक नसलेल्या, थेट पॅनेलवर मात्र बदल झाला.

५. तोंडाने म्हणा : ‘इन्जेस्ट दोनला रिसीव्हर सात.’ आधी कुठे, मग काय. शेजारी कुणी असेल तर त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. सुरुवातीला लाज वाटते. वाटू द्या.

६. टेक.

७. मल्टिव्ह्यूअरवर (एकाच पडद्यावर अनेक चित्रं दाखवणाऱ्या मॉनिटरवर) किंवा त्या डेस्टिनेशनच्या मॉनिटरवर चित्र बघा, आवाजाची मीटर हलतात का बघा, मग फोनवर सांगा, ‘लागला.’ पॅनेलवर नाव बदललं हा पुरावा धरू नका. राउटरने जोडलंय एवढंच त्यावरून कळतं. तारेतून काही येतंय का, हे पॅनेलला ठाऊक नसतं.

८. शेवटी पॅनेल पुन्हा आपल्या टेबलावरच्या मॉनिटरच्या डेस्टिनेशनवर आणून ठेवा. माझ्या आधीच्या पाळीतल्या माणसाने ही पायरी केली असती, तर बाटल्या मांडणारे गृहस्थ प्रसिद्ध झाले नसते. अर्थात दुसरी पायरी मी केली असती तरीही.

थेट बदल की टेक, यावर आमच्याकडे नेहमी वाद होतो. जुने लोक म्हणतात टेकमुळे हात मंद होतो. मॉनिटरच्या पॅनेलवर थेट बदल ठीक आहे, तिथे वेग हवा. पण ज्या पॅनेलवरून प्रक्षेपणाची लाइन गाठता येते, तिथे टेक हवाच, असं माझं मत. अर्धा सेकंद जातो, पण त्या अर्ध्या सेकंदात डोळा एकदा खिडकीकडे जातो.

आवाज कुणाबरोबर जातो

एचडी एसडीआयच्या, म्हणजे स्टुडिओत डिजिटल चित्र नेणाऱ्या, एका तारेत चित्राबरोबर आवाजाचे १६ चॅनेल असतात, चारचारांच्या चार गटांत. त्यामुळे नव्या स्टुडिओत चित्र हललं की आवाज आपोआप हलतो आणि फार विचार करावा लागत नाही. पण जिथे आवाजाचा राउटर वेगळा आहे तिथे पॅनेलवर लेव्हलची बटणं दिसतात : व्हिडिओ, ऑडिओ १, ऑडिओ २, टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची वेळ). सगळी उजळलेली असतील तर सगळं एकत्र जातं. फक्त व्हिडिओ उजळलेलं असेल तर चित्र नव्या सोर्सचं आणि आवाज जुन्याचा. याला ब्रेकअवे म्हणतात.

ब्रेकअवे मुद्दाम करावा लागतो. एकाच इमारतीत मराठी आणि हिंदी वाहिनी असतील, एकाच कॅमेऱ्याचं चित्र दोघांना हवं असेल आणि निवेदन वेगळं असेल, तर त्याशिवाय गत्यंतर नाही. पण काम झाल्यावर लेव्हलची सगळी बटणं परत उजळवायला लोक विसरतात. पुढचा माणूस साधा बदल करायला जातो, आणि मंत्र्यांच्या तोंडी हवामानाचा अंदाज येतो. म्हणून लेव्हल असलेल्या पॅनेलवर वरच्या रीतीत आणखी एक पायरी घाला : डेस्टिनेशन वाचल्यावर लेव्हल वाचा.

आता रिटर्न. बाहेर उभ्या असलेल्या रिपोर्टरच्या कानात स्टुडिओचा आवाज जातो, पण त्यातून त्याचा स्वतःचा आवाज वजा केलेला असावा लागतो. याला मिक्स-मायनस म्हणतात. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या सुमारे ३६,००० किलोमीटर वर असतो. सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो, त्यात एन्कोडर आणि डिकोडरचा वेळ वेगळा. तुम्ही घाईत रिटर्नच्या डेस्टिनेशनला मिक्स-मायनसऐवजी सरळ प्रोग्राम दिलात, तर रिपोर्टरला स्वतःचंच वाक्य उशिराने कानात ऐकू येतं आणि चांगला बोलणारा माणूस अडखळतो. प्रेक्षकांना वाटतं त्याला बातमी माहीत नाही. तो बिचारा कानातला बड काढून टाकतो, आणि मग अँकरचा प्रश्नच त्याला ऐकू येत नाही. पॅनेलवरचं एक चुकीचं बटण असं दुसऱ्याच्या अंगावर येतं. रिटर्नला हात लावल्यावर म्हणूनच रिपोर्टरला को-ऑर्डिनेशनच्या फोनवर विचारा, ‘स्वतःचा आवाज येतोय का?’

लेबलं

यावर पॅनेलइतकंच बोलावं लागेल, कारण वाचायचं म्हटलं तरी वाचण्यासारखं काही लिहिलेलं हवं.

पॅनेलच्या खिडकीत बऱ्याचदा आठच अक्षरं मावतात, तीही रोमन लिपीत. त्यामुळे लघुरूपं आली. नियम एकच ठेवा : नाव यंत्राला द्या, घटनेला देऊ नका. अनंत चतुर्दशीचा दिवस घ्या. लालबाग, गिरगाव चौपाटी, पुण्याची मंडई, लक्ष्मी रोड असे फीड सकाळपासून येत असतात. कुणीतरी उत्साहाने रिसीव्हर ३ चं लेबल बदलून ‘लालबाग’ करतो. दुपारी लालबागचा राजा पुढे सरकतो, ती व्हॅन बंद होते, त्याच रिसीव्हरवर पुण्याचा फीड घेतला जातो, आणि लेबल मात्र लालबागच राहतं. पीसीआरमधून, म्हणजे कार्यक्रम चालवणाऱ्या नियंत्रण कक्षातून, आवाज येतो, ‘लालबाग दे’, आणि पडद्यावर मानाचा पहिला कसबा गणपती. कसब्याचं दर्शन कधीही चांगलंच, पण अँकर लालबागचं वर्णन करत असतो.

अशा दिवशी मी लेबलांना हात लावू देत नाही. एक कोरा कागद, तीन रकाने : रिसीव्हर क्रमांक, आत्ता कुठला फीड, किती वाजल्यापासून. पेन्सिलने. फीड बदलला की खोडून नवं लिहायचं. पीसीआरने ‘लालबाग’ म्हटलं की कागदावर बघायचं, ‘रिसीव्हर तीन’ असं उलट उत्तर द्यायचं, आणि मग पॅनेल. निकालाच्या दिवशी, वारीत दिवे घाटातून फीड येत असतात तेव्हा, हाच कागद. काही व्यवस्थांत तात्पुरतं टोपणनाव देता येतं आणि मूळ नाव शाबूत राहतं. ते असेल तर वापरा, कागद तरीही ठेवा.

आणखी एक. ज्यांना राउटरशी संगणकावरून बोलायचं आहे, त्यांनी आकड्यांकडे लक्ष द्यावं. व्हिडिओहब नेटवर्कच्या पोर्ट ९९९० वर साध्या मजकुरात आज्ञा घेतो, पण तिथे मोजणी शून्यापासून सुरू होते. मागच्या बाजूला छापलेलं आउटपुट १ म्हणजे आज्ञेतलं ०. हे विसरून लिहिलेली स्क्रिप्ट सगळं एक घर सरकवून ठेवते. बरोबर शेजारचा दरवाजा.

कुलूप

‘लॉक’ आणि ‘प्रोटेक्ट’ ही दोन बटणं दिसतात, आणि लोक दोन्ही एकच समजतात. रूढ अर्थ असा : लॉक केलेलं डेस्टिनेशन कुणालाच बदलता येत नाही, लावणाऱ्यालाही नाही, आधी काढावं लागतं. प्रोटेक्ट केलेलं डेस्टिनेशन ज्या पॅनेलवरून लावलं त्यालाच बदलता येतं, बाकीच्यांना नाही. तुमच्या यंत्रावर अर्थ वेगळा असू शकतो, म्हणून टेबलावरच्या मॉनिटरवर दोन्ही लावून, दोन पॅनेलवरून बदलून बघा.

प्रक्षेपणाच्या दोन्ही लाइन कायम लॉक. लांब रेकॉर्डिंग सुरू झालं की इन्जेस्टने आपलं डेस्टिनेशन प्रोटेक्ट करावं. बाकी मोकळं ठेवा. एका ठिकाणी मी पाहिलं की मागच्या अपघाताच्या धसक्याने सगळीच डेस्टिनेशन लॉक करून ठेवली होती. परिणाम असा झाला की प्रत्येक बदलाआधी लॉक काढायची सवय बोटांना लागली, आणि लॉक असून नसल्यासारखं झालं. लॉक दिसल्यावर माणूस दचकला पाहिजे, तरच ते कामाचं.

दुसऱ्याचं कुलूप जबरदस्तीने काढायची सोयही असते. ती वापरण्याआधी फोन करा. रात्री तीन वाजता फोनवर कुणी सापडत नाही, हे खरं आहे. तरी निदान त्या डेस्टिनेशनचं चित्र मल्टिव्ह्यूअरवर बघा, मग ठरवा.

एका बटणात पंधरा बदल

बुलेटिन सुरू होताना मिक्सरची दहा इनपुट, दोन रेकॉर्डर, तीन मॉनिटर हे सगळं ठरावीक सोर्सवर आणायचं असतं. हे एकेक करून दाबत बसण्याऐवजी साल्व्हो बनवतात : बदलांची यादी साठवायची आणि एका बटणावर ठेवायची. बॅकअपवर जाण्यासाठीही साल्व्हो असतो, आणि तो तर असलाच पाहिजे.

मात्र साल्व्हो शिळा होतो. मे महिन्यात बनवलेल्या साल्व्होला ऑगस्टमध्ये आलेल्या नव्या सर्व्हरची खबर नसते. महिन्यातून एकदा, मध्यरात्रीनंतर, प्रत्येक साल्व्होची यादी उघडून वाचा. मध्येच एखादं डेस्टिनेशन लॉक असेल, तर बाकीचे चौदा बदल होतात आणि तेवढंच मागे राहतं, हा अनुभव आम्ही घेतला आहे. म्हणून साल्व्हो मारल्यावर ‘झालं’ म्हणण्याआधी पंधराही चित्रं डोळ्यांखालून घाला. बॅकअपच्या साल्व्होचं बटण एका कोपऱ्यात, झाकण असलेलं, किंवा दोनदा दाबायला लागेल असं करून घ्या.

चित्र बदलताना उडी का मारतं

राउटर मधल्या काळात, म्हणजे दोन चित्रांच्या सांध्यावर, सोर्स बदलतो. कुठल्या ओळीवर बदलायचं हे ठरलेलं आहे. ६२५ ओळींच्या जुन्या एसडीमध्ये सहावी, १०८० मध्ये सातवी. ही ओळ कळायला राउटरला घरातल्या सिंक जनरेटरचा, म्हणजे सगळ्या यंत्रांना एक ताल देणाऱ्या यंत्राचा, रेफरन्स लागतो. रेफरन्सची तार निघाली तर राउटर चालतो, पण बदल भलत्या जागी होतो आणि पडदा क्षणभर फाटल्यासारखा दिसतो. सगळ्याच बदलांना झटका बसत असेल तर आधी ती तार बघा. एकाच सोर्सला बसत असेल, तर तो सोर्स घरच्या तालात नाही, त्याला तालात आणणारा फ्रेम सिंक्रोनायझर हवा. बाहेरून येणारे फीड बहुधा असेच असतात.

काही पॅनेलवर ‘चॉप’ नावाचं बटण असतं. ते दोन सोर्समध्ये आपोआप ये-जा करत राहतं. ताल तपासायला ते उत्तम आहे, फक्त आपल्या मॉनिटरच्या डेस्टिनेशनवर.

काळा पडदा

फोन आला, ‘इन्जेस्ट दोनवर काही नाही.’ घाबरून बटणं बदडू नका. दोन बदलांत दोष कुठल्या बाजूला आहे ते कळतं. तोच सोर्स तुमच्या मॉनिटरवर घ्या. दिसला, तर सोर्स आणि राउटरचं इनपुट ठीक, दोष पलीकडे. नाही दिसला, तर दोष सोर्सकडे. उलट तपासायचं असेल तर इन्जेस्ट दोनला बार्स द्या. अर्थात तिथे रेकॉर्डिंग चालू नाही ना, ते विचारून.

दोष पलीकडे असेल तर फॉरमॅट, मग तार, मग मॉनिटरचं इनपुट, असं बघतात. माझा क्रम उलटा आहे, कारण मॉनिटरचं इनपुट कुणीतरी एचडीएमआयवर नेऊन ठेवलेलं असण्याची शक्यता सर्वांत जास्त. तारेचं दुखणं ओळखू येतं : डिजिटल सिग्नल हळूहळू मंद होत नाही. आधी चित्रात पांढरे ठिपके चमकतात, मग एकदम सगळं जातं. एचडी एसडीआयचा वेग सेकंदाला १.४८५ गिगाबिट, ३जी एसडीआयचा (मोबाइलचं ३जी नव्हे) त्याच्या दुप्पट, म्हणजे २.९७. त्यामुळे ज्या लांब तारेवर एचडी सुखाने चाललं, तिच्यावर ३जी दगा देऊ शकतं. सेट-टॉप बॉक्स कन्व्हर्टरने जोडलाय आणि काळंच येतंय, तर तो कॉपी-संरक्षणाचा प्रताप असू शकतो. पॅनेल तिथे काही करू शकत नाही.

आणि आरशात आरसा दिसला, चित्राच्या आत चित्र, त्याच्या आत चित्र, तर तुम्ही मिक्सरचं आउटपुट त्याच मिक्सरच्या इनपुटला दिलं आहे आणि ते इनपुट कुणीतरी हवेत घेतलंय. ते इनपुट लगेच जुन्या सोर्सवर न्या. दुसऱ्या पायरीला लिहिलेलं नाव इथे कामाला येतं.

पॅनेलच मेलं तर? राउटरला हात लावू नका. पॅनेल गेलं तरी राउटर शेवटच्या जोडण्या धरून बसलेला असतो, हवेतलं काही बिघडलेलं नाही. संगणकावर राउटरचं सॉफ्टवेअर पॅनेल उघडा आणि तिथून काम चालवा. मग पॅनेलची नेटवर्कची तार, वीज बघा. ‘एकदा राउटर बंद-चालू करून बघू का?’ असं कुणी म्हणालं तर त्याला चहाला पाठवा.

नव्या इमारतींत एसडीआयच्या जागी आयपी आलं आहे, एसटी २११० हे मानक २०१७ पासून वापरात आहे. आता क्रॉसपॉइंटच्या जागी नेटवर्कचा स्विच आहे आणि डेस्टिनेशनला सांगावं लागतं की अमुक मल्टिकास्ट (अनेकांना एकदम घेता येणाऱ्या) पत्त्यावरचा प्रवाह घे. पण माणसाच्या समोर ठेवलेलं पॅनेल तेच, डेस्टिनेशन, सोर्स, टेक. बदल व्हायला किंचित उशीर लागतो आणि एवढ्यात लोक दुसऱ्यांदा बटण दाबतात. दाबू नका, मल्टिव्ह्यूअर बघा.

पाळी सोपवताना

पुढचा माणूस आला की मी खुर्चीतून उठण्याआधी चार गोष्टी करतो. माझी तात्पुरती कुलुपं काढतो आणि जी ठेवायची ती नावानिशी सांगतो. लेव्हलची सगळी बटणं उजळलेली आहेत ना ते बघतो. मूळ जागेवरून हलवलेल्या जोडण्या कागदावरून मोठ्याने वाचतो : इन्जेस्ट दोनला रिसीव्हर सात, साडेपाचपर्यंत, पुण्याच्या रिटर्नला मिक्स-मायनस चार. त्याने प्रत्येक ओळ पॅनेलवर वाचून ‘हो’ म्हणायचं. मग डेस्टिनेशन टेबलावरच्या मॉनिटरवर आणतो, पॅनेल लॉकचं बटण दिवे मंद होईपर्यंत धरून ठेवतो, आणि खुर्ची मागे सरकवतो.